पाळण्याखालचे पाय

बाईला दिवस गेले की हिंदीत म्हणतात, 'पाँव भारी हैं'. आम्हां इंदूरच्या मराठी माणसांना हे दोन्ही वाक्प्रचार लहानपणापासून सारखेच ओळखीचे. आजी माजघरात कुजबुजायची, "तिला दिवस गेलेत हो," आणि तीच बातमी ओसरीवर शेजारच्या मालवी काकींना सांगताना तिच्याच तोंडून "बहू के पाँव भारी हैं" असे निघायचे. एम.ए.ला भाषा हाच विषय घेऊनही या दोहोंतला फरक माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. मराठीने गरोदरपण काळावर टाकले आहे. दिवस जातात, दिवस भरतात आणि एके दिवशी बाई 'मोकळी' होते. हिंदीने तेच ओझे पायांवर ठेवले. दिवस भरले की हिशोब संपला. पायांचे पुढे काय होते हे मात्र हिंदीही सांगत नाही. जड झालेले पाय हलके कधी झाले, यासाठी तिच्याजवळ वाक्प्रचार नाही.

हे सुचायला निमित्त झाले मुलीच्या बुटांचे.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली होती. सव्वा महिना पायांत मोजे आणि कानांवर रुमाल बांधून ती बाळंतिणीच्या खोलीत होती. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा सगळे यथासांग झाले; शेजारून सुंठीचे 'जापे के लड्डू' आले तेही तिने आवडीने खाल्ले. पुढे बाळाला घेऊन बाहेर पडायची वेळ आली तेव्हा तिने बॅगेतून आपले कॅनव्हासचे बूट काढले. बूट चढेनात. सूज असेल, उतरेल, असे सगळ्यांनी म्हटले. तिसरा महिना संपला, सूज केव्हाच उतरली होती, तरी बूट चढेनात.

"बाबा, माझा पाय वाढलाय," ती म्हणाली.

मी मास्तर माणूस. चुकीचे विधान ऐकले की आधी दुरुस्त करतो, मग विचार करतो. "अगं, अठ्ठाविसाव्या वर्षी कुणाचा पाय वाढतो का? बूट पावसात आखडले असतील."

सौ. पलंगावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वाढतो. माझाही वाढला होता. पाचाचा सहा झाला."

"कधी?"

"हिच्या वेळेला."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

एवढ्यात बाळ रडले आणि विषय तिथेच राहिला. पण तिची ती दोन वाक्ये माझ्या डोक्यातून गेली नाहीत. 'तुम्ही विचारलं नाहीत' हा एक आरोप झाला, आणि 'सांगण्यासारखं काय होतं' हे लगेच त्या आरोपाला दिलेले माफीपत्र. हे दोन्ही एकाच दमात कसे काय बोलता येते? आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याने ते माफीपत्र घेऊन स्वस्थ बसावे काय?

मग एक जुनी गोष्ट आठवली. मुलगी पाच-सहा महिन्यांची असताना मी शिक्षकांच्या एका संमेलनासाठी कोल्हापूरला गेलो होतो. येताना सौ.साठी कोल्हापुरी चपला आणल्या, चांगल्या नक्षीच्या, पाच नंबरच्या. तिचा नंबर मला पाठ होता याचा मला अभिमानही होता. तिने त्या हळदीकुंकवाला एकदा घातल्या. "चावतात," म्हणाली. नवी कोल्हापुरी चावतेच, सगळ्यांना ठाऊक आहे. मी खोबरेल तेलाची वाटी आणून दिली. पुढे त्या चपला माळ्यावर गेल्या आणि वर्षभराने माझ्या धाकट्या बहिणीच्या पायांत दिसल्या. मी चार दिवस घुम्यासारखा वागलो. हौसेने आणलेल्या वस्तूची किंमत नाही, असे काहीतरी लागट बोललोही असेन. तिने तेव्हाही सांगितले नाही. आता, इतक्या वर्षांनी, कळले की त्या चपलांत पाय मावत नव्हता.

बाळाला लस टोचायला गेलो तेव्हा मुलीने तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले ते मला कळले तसे लिहितो. एका पायाच्या पावलात सव्वीस हाडे असतात. ती एकमेकांना चिवट बंधनांनी बांधलेली असतात आणि त्यांची मिळून तळव्याला एक कमान होते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. कमान हे धनुष्य धरले तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. गरोदरपणात शरीर ही बंधने सैल करू लागते. ओटीपोटातली हाडे थोडी विलग व्हावीत आणि मुलाला वाट मिळावी, हा त्यातला हेतू. या कामी मदत करणाऱ्या एका द्रव्याचा शोध १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ या शास्त्रज्ञाला गिनीपिगवरच्या प्रयोगांत लागला. त्याला रिलॅक्सिन म्हणतात. पण रक्तातून जाणारे द्रव्य एकाच पत्त्यावर पोचत नाही. जे कमरेत सैल होते ते थोडेफार सगळीकडेच सैल होते. त्यातच वजन दहा-बारा किलोंनी वाढते, पोट पुढे येते, तोल बदलतो, चालण्याची ढब बदलते. हा सगळा भार येतो तो त्या सैल झालेल्या कमानीवर. धनुष्य वरून दाबले की त्याची टोके लांब जातात, तसे कमान खाली बसली की पाऊल लांबते आणि पसरते. सूज पाण्याची असते, ती काही दिवसांत-आठवड्यांत ओसरते. बसलेली कमान मात्र पुष्कळदा तशीच राहते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. नील सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ स्त्रियांची पावले गरोदरपणाच्या सुरुवातीला मोजली आणि बाळंतपणानंतर सुमारे पाच महिन्यांनी पुन्हा मोजली. साठ ते सत्तर टक्के स्त्रियांची पावले लांब-रुंद झाली होती. लांबीतली वाढ दोन ते दहा मिलिमीटर. हा बदल मुख्यतः पहिल्या खेपेचा होता. संशोधन प्रसिद्ध झाले २०१३ साली. चपलेचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. पाचाचा सहा व्हायला एवढे पुरते. सौ.ला हे १९९७ साली कळले होते, आणि तिला मोजपट्टीही लागली नव्हती.

मला नवल वाटले ते याचे की, माणसाच्या जातीइतकी जुनी ही गोष्ट, आणि ती पट्टी लावून मोजायला एकविसावे शतक उजाडावे! मग वाटले, मोजणार कोण आणि कशाने? आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका घरात अनवाणी, अंगणात अनवाणी. वडीलधाऱ्यांसमोर चपला घालणे म्हणजे आगाऊपणा. ज्या पायाला चप्पलच नाही त्याचा नंबर कुणाला ठाऊक असणार? नंबर नाही म्हणून बदल नाही, आणि बदल नाही म्हणून बोलणे नाही. एकच मोजमाप त्या पायांत होते ते म्हणजे जोडवी.

आईची जोडवी कापावी लागली होती, ही आमच्या घरातली जुनी गंमत आहे. माझ्या वेळेस तिच्या पायाची बोटे इतकी फुगली की जोडवी रुतून बसली. सवाष्णीची जोडवी कापायची म्हणजे अशुभ. म्हणून आधी साबण झाला, तेल झाले, दोरा गुंडाळून झाले. शेवटी सराफ्यातून सोनारकाका घरी आले, त्यांनी बारीक कानशीने जोडवी कापली आणि तिसऱ्या दिवशी उघड्या वेढ्याची नवी आणून दिली, म्हणजे पुढे सैल-घट्ट करता यावीत. ही गोष्ट सांगताना घरातले सगळे सोनारकाकांच्या हातसफाईचे आणि आजीच्या देव्हाऱ्यासमोर बसण्याचे वर्णन रंगवून करीत. आईच्या बोटाचे काय झाले, हे त्या गोष्टीत नव्हते. अशुभ टळले की नाही हा प्रश्न होता. दुखते की नाही हा नव्हता. मीही ती गोष्ट पन्नासदा सांगितली असेल, आणि सांगताना हसलोही असेन.

वास्तविक पायांविषयी आपण किती बोलतो! पायगुण पाहतो. पाया पडतो. सून लक्ष्मीच्या पावलांनी आली म्हणतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो, आणि खरोखरच वाकून पाहतो. पाळण्याच्या दोरीशी उभ्या असलेल्या बाईचे पाय त्या वेळी आपल्या नजरेच्या चार हात खाली असतात. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले उमटतात. दिवाळीत लक्ष्मीचीही तशीच. ती पावले कशी काढतात ठाऊक आहे ना? मूठ वळून तिची कड ओल्या पिठात बुडवायची, ठसा उमटवायचा आणि वर बोटांचे पाच ठिपके द्यायचे. जो आकार येतो तो तान्ह्या मुलाच्या पावलाचा. देवीचे पाऊल म्हणून आपण शतकानुशतके बाळाचेच पाऊल पूजत आलो. कधी न सुजणारे, कधी न पसरणारे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. वृद्ध, विद्वान आणि मनाने अतिशय कोवळे. त्यांच्याशी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अहो, एका टाचेचं काय घेऊन बसलात? आईचं ऋण फेडता येत नसतं. हे शास्त्रकारांनी केव्हाच सांगून ठेवलंय." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. त्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही. पण घरी येताना वाटेत मला तो युक्तिवाद टोचू लागला.

तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने, आणि पितरांचे संततीने. हे मी आठवी-नववीच्या मुलांना कितीदा शिकवले असेल. पण यातला एक हिशोब कधी तपासला नव्हता. अध्ययन करायचे ते ज्याचे ऋण त्याने. यज्ञ करायचा तो त्याने. तिसरे ऋण मात्र पुरुषाचे, ते फेडायचे पितरांना, आणि फेडायचे बाईच्या अंगाने! तिच्या हाडांच्या बंधनांनी, तिच्या पायाच्या कमानीने. देणेकरी एक, घेणेकरी दुसरा आणि पैसे तिसऱ्याच्या गाठीचे. आणि त्या तिसऱ्याच्या नावाचे खाते या तीन ऋणांत नाही.

खाते नाही असे म्हणणे पूर्ण खरे नाही, हेही मान्य केले पाहिजे. मनुस्मृतीने मान देण्याच्या बाबतीत आईला हजार पित्यांच्या वर बसवले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेले मातृपंचक गर्भभाराच्या क्लेशांनीच व्याकूळ झालेले आहे, आणि ते ऋण न फिटणारे मानते. पण माझी अडचण नेमकी या 'न फिटणारे' शब्दापाशी आहे. सराफ्यातल्या कुठल्याही सावकाराला विचारा. जे कर्ज फिटणार नाही असे देणेकऱ्याने आणि घेणेकऱ्याने दोघांनीही मान्य केले, त्याचा हप्ता कुणी मागत नाही आणि कुणी भरतही नाही. ते वहीत लाल शाईने, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले जाते, दिवाळीत त्या वहीला हळदकुंकू वाहिले जाते. अनंत ऋण आणि शून्य ऋण यांत व्यवहारात फारसा फरक उरत नाही. उलट आठ मिलिमीटरचे ऋण अवघड असते. ते फेडता येते, म्हणून न फेडल्याची लाज वाटते. एक नंबर मोठी चप्पल, एक खुर्ची, सकाळी दहा मिनिटे बाळ दुसऱ्याने धरणे. असल्या सुट्या नाण्यांत ते मोजावे लागते, आणि आपल्याला सुटे पैसे काढायचा कंटाळा. आपल्याला मोठी नोट दाखवून खिशात परत ठेवायची सवय.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगतो आहे असे कृपा करून समजू नये. खुर्ची म्हटले ती उगाच नाही.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी नव्यानेच मुख्याध्यापक झालो होतो. शाळेचे नाव नको. नव्या अधिकाऱ्याला काहीतरी सुधारणा करायची असते. मी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या काढून टाकल्या. शिक्षकाने उभे राहून शिकवावे, बसला की वर्ग झोपतो, असे माझे ठाम मत होते आणि अजूनही ते अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही. त्या वर्षी गणिताच्या एक शिक्षिका बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्या. तेव्हा कायद्यात बारा आठवडे होते. सव्वीस झाले ते २०१७ साली. एकदा फेरी मारताना मला नववीच्या वर्गात खसखस ऐकू आली. बाई फळ्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या, आणि एका पायावर भार देऊन दुसऱ्या पायाची टाच अधांतरी धरलेली. मुले त्यालाच हसत होती. मी मुलांना दोन शब्द सुनावले, आणि मधल्या सुट्टीत बाईंना बोलावून घेतले.

"टाच टेकवत नाही, सर," त्या म्हणाल्या. "सकाळी तर पहिलं पाऊल टाकताना जीव जातो."

मी काय उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते. म्हणालो, "घरी तेल लावून शेका. अहो, आमच्या घरीही बाळंतपण झालंय, आम्हांला काय माहीत नाही?"

"हो सर," म्हणून त्या गेल्या. वर्षभर उभ्या राहून शिकवले, मुलांचा निकाल उत्तम लागला, आणि जूनमध्ये त्यांनी नोकरी सोडली. पायामुळे सोडली असे मी म्हणत नाही. घरी मूल लहान होते, सासूबाई आजारी होत्या, असे कुणी कुणी सांगितले. कारण मी विचारले नाही. सौ.चे वाक्य त्या प्रसंगालाही लागू पडते.

त्यांनी सांगितले ते दुखणे किती सामान्य आहे हे आता मी वाचले आहे. टाचेपासून निघणारा तो पट्टा रात्रभर आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून पहिलेच पाऊल सर्वांत वाईट. पोटऱ्यांना आणि तळव्याला रोज ताण देणे, गार पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवणे, मऊ आणि कमानीला आधार देणारी चप्पल घरातही वापरणे, सलग उभे न राहणे, एवढ्याने पुष्कळांना उतार पडतो. वेळ मात्र लागतो, कधी महिने लागतात. आमच्या जुन्या घरात शेणाने सारवलेली भुई होती, तिच्यावर अनवाणी चालणे वेगळे. आता घरोघर गुळगुळीत, दगडासारख्या टाइल्स, आणि अनवाणी राहण्याचा नियम मात्र जुनाच. आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवावी. बाळंतिणीचा एकच पाय सुजला आणि पोटरी दुखू लागली, तिला धाप लागली, किंवा सुजेबरोबर डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, तर तेल आणि शेक बाजूला ठेवून त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे न्यावे. ते दुखणे सामान्य नव्हे.

कायद्याचेही मी थोडे पाहिले. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा त्या काळाच्या मानाने फार समंजस होता. गरोदर बाईने विनंती केली तर प्रसूतीआधीच्या ठरावीक काळात तिला फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, अशी तरतूद त्यात घातली गेली. बाळंतपणानंतर कामावर आलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेगळी सुट्टी ठेवली. दोन्ही चांगल्याच. पण पाहा, 'उभे राहणे' हा शब्द मूल पोटात असेपर्यंतच आठवला. मूल बाहेर आल्यावर आठवण राहिली ती दुधाची. जोवर तिच्या अंगाचा जो भाग मुलाच्या उपयोगी, तोवर तेवढ्या भागाला संरक्षण. कायदा लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आपल्या सगळ्यांचे मनच तसे आहे. पुढे कोळिकोडच्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी आवाज उठवला, आणि केरळात २०१८ साली दुकानांतल्या कामगारांना बसायला आसन देण्याची तरतूद झाली. तमिळनाडूने २०२१ साली तेच केले. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, हे वाचून मला त्या नववीच्या वर्गातले टेबल आठवले.

आता सौ.च्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे. 'त्यात सांगण्यासारखं काय होतं?' जिचे दुखते तीच जर ते दुखणे हिशोबात धरत नसेल, तर दुसऱ्याने ते धरावे काय? माझे मित्र म्हणतील, हा उगाच कोरलेला घाव आहे. बायका आनंदाने सोसतात, त्यांच्या आनंदात तुम्ही टाच कशाला घालता? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पाय वाढणे हे काही संकट नव्हे. शरीर आयुष्यभर बदलतेच. माझेही पोट सुटले, केस गेले, त्याचे मी कुणाकडे ऋण मागत नाही. आणि 'बिचारी' म्हणून दिलेली खुर्ची स्वाभिमानी बाईला टाचेपेक्षा जास्त टोचेल. सौ.ला मी हे सगळे बोलून दाखवले तेव्हा तिने हात जोडले. "आता उगाच माझ्या पायाशी बसू नका. लोक काय म्हणतील!"

तरीही माझे समाधान होत नाही. न्यायालयात फिर्याद नसेल तर खटला उभा राहत नाही, हे ठीक. घरात तोच नियम लावायचा काय? तिने सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काय असते हे आपणच सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवले होते. मुलाचे वजन सांगण्यासारखे, दूध पुरते की नाही हे सांगण्यासारखे, टाके सांगण्यासारखे, तेही बायकांत. टाच त्या यादीत नव्हती. जी गोष्ट ऐकायला कान तयार नसतात ती गोष्ट काही वर्षांनी बोलणाऱ्यालाही गोष्ट वाटेनाशी होते. तिचे न बोलणे हा माझ्या न ऐकण्याचा पुरावा आहे; ती माझी सुटका कशी होईल?

आमच्या लग्नात सप्तपदीच्या सुमारास भटजींनी सौ.चा पाय सहाणेवर ठेवायला लावला होता. सगळ्यांच्याच लग्नात होते. या दगडासारखी स्थिर राहा, असा त्या विधीचा अर्थ. लग्नाच्या गडबडीत अर्थाकडे कोण लक्ष देतो. मला आठवते ते एवढेच की तिच्या पायाला मेंदी होती आणि सहाण लहान पडत होती. आता वाटते, त्या विधीत एक चमत्कारिक विसंगती आहे. घर वाढावे म्हणून तिला आणली आणि पहिल्याच दिवशी सांगितले दगड हो. दगड झाली असती तर मुलगी झालीच नसती. जी घडण ढिली होते, वाट देते, जागा करते, तिच्याच जोरावर आम्ही सगळे या जगात आलो. आणि ढिली झालेली गोष्ट पुन्हा होती तशी आवळली गेली नाही तर त्याला आपण काय म्हणणार? 'पूर्ववत झाली का हो बाळंतीण?' असे आपण विचारतो. पूर्ववत व्हायला काही घडलेच नसावे लागते.

या जूनमध्ये वर्गांत खुर्च्या परत ठेवल्या. परिपत्रकात कारण लिहिले नाही. पहिल्या दिवशी सर्वांत आधी बसले ते आमचे इतिहासाचे सर, त्यांचे गुडघे गेलेले आहेत, मला मधल्या सुट्टीत येऊन म्हणाले, "सर, बरं झालं. किती वर्षं म्हणेन म्हणेन म्हणत होतो." वर्ग झोपतात की नाही हे सहामाहीचा निकाल सांगेल. त्या गणिताच्या बाई आता कुठे असतात हे शाळेत कुणाला ठाऊक नाही.

मुलगी पुण्याला परत गेली, नव्या बुटांत. घर एकदम रिकामे झाले. दिवाळीच्या खरेदीसाठी परवा आम्ही दोघे राजवाड्याकडे गेलो होतो. मी आधीच ठरवून सौ.ला एका चपलांच्या दुकानात नेले. तिला नवल वाटले, पण ती काही बोलली नाही. दुकानदाराने पुढ्यात स्टूल ओढले आणि विचारले, "कौन सा नंबर दिखाऊँ, माताजी?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी घाईने म्हणालो, "छह."

"सहा नको," ती मला म्हणाली, आणि मग त्याच्याकडे वळून, "भैया, सात दिखाओ. एडी दुखती है, थोड़ी ढीली ठीक रहेगी."